ओव्हरटाइम : निरंक

कंपन्यांची मस्टरं, पगारपत्रकं आणि दुकाने-आस्थापना कायद्याची रजिस्टरं ठेवून देणं हा माझा पुण्यातला पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे ‘वर्क-लाइफ बॅलन्स’वरची भाषणं ऐकली की मला आधी ओव्हरटाइमचा रकाना आठवतो. मी पाहतो त्या आयटी-फायनान्सच्या बहुतेक ऑफिसांत तो महिनोन्महिने ‘निरंक’ असतो. मस्टरवर आत साडेनऊ, बाहेर साडेसहा. सगळ्यांचं, सगळे दिवस. पावसात हिंजवडीचा रस्ता तुंबला तरी साडेनऊच. त्याच ऑफिसच्या कॅबची बिलंही हिशेबाच्या फायलीत असतात. घरी सोडायच्या ट्रिपा रात्री साडेअकराच्या, पावणेएकच्या.

राज्याच्या २०१७च्या दुकाने-आस्थापना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, त्यावरच्या कामाला दुप्पट दर ठेवला. मात्र व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना त्यातून वगळलं आहे. मग काय, पदांची बारशी जोरात. तिशीच्या आतली पोरं ‘असिस्टंट मॅनेजर’ होतात आणि हाताखाली पाहावं तर फक्त लॅपटॉप. घरी पेढे वाटले जातात. अशा मुलांच्या जास्तीच्या तासांचा हिशेब मला कुणी पाठवत नाही. आणि ‘बॅलन्स’साठी कंपनीने ठेवलेलं योगाचं सेशन? तेही ऑफिस सुटल्यावर, सातला.

२०२३मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सांगितलं. पुढे एल अँड टीचे सुब्रह्मण्यन यांनी तो आकडा ९०वर नेला. ९० म्हणजे रविवार धरूनही रोज जवळजवळ १३ तास, त्यात प्रवास वेगळा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१मध्ये मांडलेला हिशेब मात्र असा : आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी अधिक.

जुलै २०२४मध्ये पुण्यात २६ वर्षांची एक सनदी लेखापाल गेली. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने कंपनीप्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्यानंतर चौकशीला गेलेल्या कामगार खात्याला त्या ऑफिसची दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंदणीच आढळली नाही. बातमी वाचून अनेकांना धक्का बसला. आमच्या धंद्यातल्यांना फारसा नाही.

रविवारची सुटी आपल्याला कुणी दयेने दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं, ती सुटी पदरात पडायला १८९० उजाडलं. आता गाडी उलटी निघाली आहे. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाच्या ९ तासांचे १२ आणि मोठ्या आस्थापनांत ९चे १० करायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेतली जाईल म्हणतात. रुजू होण्याच्या दिवशी, कागदांच्या गठ्ठ्यात, ती कशी घेतली जाते हे मी रोज बघतो.

म्हणून ध्यानधारणेच्या आधी हिशेब. ऑफिसात पाऊल टाकल्याची, निघाल्याची आणि घरी आल्यावर घेतलेल्या कॉलची वेळ स्वतःच्या डायरीत, तारीखवार लिहून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडतो. आणि कामगार खात्याच्या निरीक्षकांना विनंती : मस्टर तपासाल तेव्हा कॅबची बिलं आणि दारावरच्या कार्ड-पंचिंगची नोंदही मागा. नाही म्हणायला कंपनीकडे कारण नाही. हे सगळं जपून ठेवलेलं असतं.