विजेची मोटार घ्यायची, पण कोणती?

महिन्याभरात तीन मैत्रिणींनी मला एकच प्रश्न विचारला. एकीने शाळेतल्या शिक्षकखोलीत, दुसरीने हळदीकुंकवाला आणि तिसरीने तर भाजीबाजारात, मेथीची जुडी हातात धरून! "काय गं, तुमची ती विजेची मोटार धड चालते का? आम्ही घ्यावी का? आणि घ्यायची तर कोणती?" आता मेथी निवडता निवडता उत्तर द्यावे असा काही हा प्रश्न नाही. दहा-पंधरा लाखांचा मामला आहे. आपल्यासारख्यांच्या संसारात घर बांधल्यानंतर एवढी मोठी खरेदी दुसरी होत नाही. म्हणून म्हटले, या वेळी सदरातच सविस्तर लिहावे.

आधीच सांगते, मी काही मोटारीतली तज्ज्ञ नव्हे. बी.ए.ला माझा विषय मराठी. सकाळी अर्धवेळ शिकवते, उरलेला दिवस घरचा. पण 2024 च्या गुढीपाडव्याला सोयाबीनच्या पैशात थोडे कर्ज घालून आमच्या वाशिमच्या घरी विजेची मोटार आली. ओळखीच्या चार-पाच घरीही आहे. त्यांचे आणि आमचे अनुभव जमवून हे लिहिते आहे. आमच्या गाडीचे नाव मात्र सांगणार नाही. जाहिरात केल्यासारखे होईल, शिवाय आमच्या सोयीची ती तुमच्या सोयीची असेलच असे नाही.

ती रात्र

2025 चा मे महिना. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. रात्री दोनच्या सुमारास त्यांची धाप वाढली. येथल्या डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "वेळ न घालवता अकोल्याला न्या." वाशिमहून मालेगाव, मेडशी, पातूर करीत अकोला म्हणजे ऐंशी किलोमीटरचा रस्ता. हे गाडीकडे धावले आणि तसेच परत आले. गाडीत फक्त बावीस टक्के वीज! रात्री दहा वाजता मी स्वतः चार्जर लावला होता. पण त्यावर लाल दिवा लागलेला. विजेचा एक थेंबही आत गेला नव्हता.

शेजारच्या भाऊजींनी झोपेतून उठून त्यांची डिझेलची जीप काढली म्हणून निभावले. सासूबाई तीन दिवस दवाखान्यात राहून सुखरूप घरी आल्या. ते तीन दिवस मी त्या गाडीला आणि ती घ्यायला लावणाऱ्या माझ्याच अकलेला बोल लावीत होते. "ऐन वेळी गाडीने दगा दिला," असे आम्ही साऱ्या गल्लीला सांगितले.

चौथ्या दिवशी वायरमन आला. त्याने मीटरपासून पाहत पाहत अंगण गाठले आणि हसू लागला. "ताई, गाडीले काहीच झालं नाही. तुम्ही फरशी केली ना, त्याच्याखाली अर्थिंगचा खड्डा बुजला. त्याले पानी भेटंन कुठून?"

फेब्रुवारीत आम्ही अंगणात फरशी बसवून घेतली होती. मिठाचा नि कोळशाचा तो खड्डा ओला राहिला तरच अर्थिंग नीट काम करते. मेमध्ये माती ठणठणीत कोरडी पडली. अर्थिंग नीट मिळाली नाही तर चार्जर वीज घेतच नाही. तो बिघाड नव्हे, आपल्या जिवासाठी केलेली सोय आहे. फ्रीज आणि मिक्सर बिचारे तसेच चालत राहतात, म्हणून आपल्याला कळत नाही एवढेच. एक फरशी काढली, खड्ड्याला झाकण केले, दोन बादल्या पाणी ओतले आणि लाल दिव्याचा हिरवा झाला.

सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या पलंगावरूनच म्हणाल्या, "आपल्या घरी बैल होते तवा रातच्याले गव्हाण पाह्यल्याबिगर तुझे सासरे झोपत नव्हते. नुसतं दावं बांधून काय होते? चारा पडला का नाही, ते पाहा लागते." तेव्हापासून झोपायच्या आधी दुधाला विरजण लावणे आणि चार्जरचा दिवा पाहणे ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत.

दोष कुणाचा?

हा किस्सा एवढ्यासाठी सांगितला की "विजेची गाडी बिघडते" असे ऐकले की दोष नेमका कुठे होता ते अवश्य विचारावे. माझ्या मावसबहिणीची गाडी एका सकाळी अगदी मेल्यासारखी उभी. दारही उघडेना. मोठी बॅटरी तर भरलेली! दगा दिला होता तो बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीने. ही छोटी बॅटरी विजेच्या गाडीतही असते. दिवे, कुलपे, पडदा सारे तिच्यावर चालते आणि तीच गाडीला "जागी" करते. ती बदलताच गाडी सुरू झाली. म्हणून दर सर्व्हिसिंगला ही छोटी बॅटरी तपासून घ्यावी. आणि लक्षात ठेवा, ही गाडी ढकलून सुरू होत नाही. दोर बांधून ओढतही नेऊ नये. सपाट पाट्याच्या गाडीवर चढवूनच न्यावी लागते. विम्यात ही मदत आहे का, ते आधीच पाहून घ्या.

ओळखीच्या एका शिक्षिकेच्या गाडीत मात्र खरोखरच दोष निघाला. आतला चार्जिंगचा भाग निकामी झाला. हमीत फुकट बदलून मिळाला, पण सुटा भाग येईपर्यंत तीन आठवडे गाडी दुकानात पडून होती आणि बाई एस.टी.ने शाळेत जात होत्या. तेव्हा "काही होतच नाही" असे सांगणाऱ्या विक्रेत्यावरही विश्वास ठेवू नये.

चांगल्या गोष्टीही आहेत. या गाडीला क्लच नाही, इंजिन ऑइल नाही, सायलेन्सर नाही. पाय सोडला की मोटरच गाडीला आवरते, त्यामुळे ब्रेक कमी झिजतात. गाडी जड असल्यामुळे टायर मात्र लवकर झिजतात. आमची दीड वर्षात दुरुस्तीसाठी एकदाही अडली नाही.

निवड करताना

आता मुख्य मुद्दा. आपण आधी गाडी पसंत करतो आणि मग तिच्यासाठी घराची ओढाताण करतो. मी म्हणते, आधी आपला रस्ता, आपले घर आणि आपला हिशेब पाहा. गाडी आपोआप ठरते.

1. लांबचा नेहमीचा रस्ता मोजा. काश्मीरची सहल नव्हे, महिन्यातून दोन-तीनदा जावेच लागते तो. आमचा अकोला जाऊन-येऊन एकशे साठ किलोमीटर. आता जाहिरातीतला आकडा घ्या. तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, रोलरवर ठरावीक वेगाने गाडी पळवून काढलेला असतो. तेथे ना आपला उन्हाळा, ना खड्डे, ना मागे बसलेली चार माणसे. आमच्या अनुभवाने त्याचे दहातले सहा भाग धरावेत आणि त्यातलाही पाचवा हिस्सा अडीअडचणीला शिल्लक ठेवावा.

उदाहरण देते. टियागो ईव्ही 2022 मध्ये आली तेव्हा मोठ्या, 24 युनिटच्या बॅटरीला 315 किलोमीटरचा दावा होता. दहातले सहा भाग म्हणजे 189 आणि शिल्लक ठेवून 150. म्हणजे गावात आणि मंगरुळपीरपर्यंत उत्तम, पण आमच्या अकोल्याला थोडी अपुरी. पंच ईव्ही 2024 च्या जानेवारीत आली, तिच्या 35 युनिटच्या बॅटरीला दावा 421 चा. तोच हिशेब केला तर सुमारे 200 किलोमीटर हाती राहतात. (गाडीच्या माहितीपत्रकात जे "किलोवॉट अवर" लिहितात, ते म्हणजे आपल्या विजेच्या बिलातले युनिटच, बरं का!) 17.3 युनिटची छोटी कॉमेट गावातल्या शाळा-बाजाराला छान. विंडसरची 38 युनिटची, नेक्सॉनची 45 युनिटची अशा मोठ्या बॅटऱ्या ज्यांना वरचेवर नागपूर गाठायचे त्यांच्यासाठी. जास्त वीज साठवणारी म्हणून सर्वात मोठी घेऊ नये. ते म्हणजे चौघांच्या स्वयंपाकाला लग्नाचे पातेले घेण्यासारखे आहे.

2. वेग. समृद्धी महामार्गावर 120 ची मुभा आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ शेलूबाजारला वर चढले आणि आनंदाने 110 ने निघाले. बॅटरीचा आकडा रस्त्यापेक्षा वेगाने पळू लागला. वेग वाढला की वाऱ्याचा विरोध फार वाढतो. त्यांनी 80 धरला तेव्हा पोचले. 2025 च्या राज्य धोरणात समृद्धीवर विजेच्या मोटारींना पथकर माफ केला आहे खरा, पण वाचलेले पैसे घाईत घालवू नका.

3. घरची वीज. रात्रभर तीन किलोवॉटच्या वर भार सतत चालतो. आपल्या मीटरचा मंजूर भार किती, हे महावितरणच्या बिलावर पाहा. कमी असेल तर अर्ज करून वाढवून घ्या. मीटरपासून जाड तांब्याची स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि 16 अँपियरचा दणकट सॉकेट हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही लावू नये, तो वितळतो. घरच्या इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होत नाही, म्हणून वीज दिवसा गेली की रात्रीची वाट पाहू नये. आली की लावून टाकावी. आणि अर्थिंग! उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी. भाड्याचे घर असेल किंवा गाडी लांब गल्लीत उभी राहत असेल, तर विजेच्या मोटारीचा विचार पुढे ढकला.

4. दुरुस्तीचे ठिकाण. "शोरूम कुठे?" असे विचारू नका. "या बॅटरीवर काम करायला शिकलेला मिस्त्री कुठे आहे, आणि तो रोज असतो का?" असे विचारा. गावातला नेहमीचा मिस्त्री या गाडीच्या केशरी तारांना हात लावू शकत नाही, लावूही नये. त्या जीवघेण्या असतात.

5. हमीचा कागद. बऱ्याच कंपन्या बॅटरीला आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर अशी हमी देतात. पण क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार, आणि गाडी विकल्यावर नव्या मालकाला हमी राहते का, हे वाचल्याशिवाय सही करू नये. बॅटरी भाड्याने मिळते म्हणून गाडी स्वस्त वाटते. तेथे महिन्याला कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात, ते विचारा.

हिशेब जमतो का?

आमची गाडी महिन्याला नऊशे किलोमीटर चालते. एका युनिटला सात किलोमीटर आणि चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, असे धरून सुमारे दीडशे युनिट वाढतात. शंभर युनिटच्या पुढे दर चढतो, तीनशेच्या पुढे आणखी चढतो, हे विसरू नका. आमचे बिल साधारण एकोणीसशे रुपयांनी वाढले. जुन्या गाडीला पेट्रोलचे साडेपाच हजार लागत. म्हणजे महिन्याला साडेतीन हजार वाचले. तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षा तीन लाख जास्त मोजले असतील, तर ते फिटायला सात वर्षे लागतात. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल मोटारींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. विजेच्या मोटारींवर तो 5 टक्केच आहे, पण किमतीतला फरक त्यामुळे कमी झाला. तेव्हा हिशेब आजच्या किमतीने करा. ज्यांची गाडी महिन्याला तीनशे-चारशे किलोमीटरच फिरते, त्यांनी केवळ बचतीसाठी विजेची गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटचा सल्ला. पैसे भरण्याआधी त्याच गाडीच्या अशा मालकाकडे चहाला जा, ज्याने तिच्यासह दोन उन्हाळे काढले आहेत. बाहेर पुरुषमंडळी वेग आणि पडद्याचे कौतुक करतील. तुम्ही आत जाऊन वहिनींना विचारा, "रात्री अडीनडीला कधी अडलात का?" खरे उत्तर तिथे मिळेल.

आमच्याकडे आता एक नियम आहे. अकोल्याला पोचण्याइतकी वीज गाडीत कायम असायलाच हवी, मग दुसऱ्या दिवशी कुठे जायचे असो वा नसो. परवा सासूबाईंनी रात्री हाक मारली. मी घाबरून उठले. त्या म्हणाल्या, "काही नाही वो, दिवा हिरवा हाय ना?"

हिरवा होता.