आपला डोंगर कुठे आहे?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी दोन प्रश्न हमखास येतात. चकलीच्या भाजणीत डाळींचे प्रमाण किती घ्यावे, हे शेजारपाजारच्या बायका आमच्या सौ.ना विचारतात, आणि बोनसच्या पैशांतून कॅमेऱ्याला कोणती लेन्स घ्यावी, हे त्यांचे यजमान मला विचारतात. सौ.चे उत्तर बहुधा बरोबर ठरते. मी मात्र कैक वर्षे एकच उत्तर ठोकून देत असे : "डोंगरदऱ्यांचे फोटो काढायचे आहेत ना? मग रुंद कोनाची लेन्स घ्या. निसर्ग अफाट, तेव्हा लेन्सही ऐसपैस हवी!" या सल्ल्यातली खोट मला आमच्या अण्णांनी एका वाक्यात दाखवून दिली.

आमचे गाव वाईजवळ. घराच्या अंगणात उभे राहिले की समोर पांडवगड दिसतो. अण्णांचे सगळे बालपण त्या डोंगराकडे पाहत गेले. पुढे ते नोकरीसाठी मुंबईला आले, इथलेच झाले, आणि म्हातारपणी गुडघ्यांनी गावचा प्रवास बंद केला. तेव्हा एकदा गावी गेलो असताना मी ठरवले, अण्णांना त्यांच्या डोंगराचा फोटो न्यायचा. २८ मिलिमीटरची लेन्स लावली. अंगण, तुळशीवृंदावन, आंबा, विजेचा खांब, वरचे आभाळ, सारे काही चौकटीत कोंबले. मोठा प्रिंट काढून मोठ्या ऐटीत त्यांच्या हाती दिला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला, बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "छान आलाय रे. पण यात आपला डोंगर कुठे आहे?"

डोंगर होता. आंब्याच्या फांदीखाली, करंगळीच्या नखाएवढा.

असे का होते, ते एकदा नीट समजून घेऊ. आपण अंगणातून डोंगराकडे पाहतो तेव्हा खांब, तारा, शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे हे सगळे डोळ्यांना दिसत असतेच. पण मन डोंगरावर असते म्हणून बाकीचे जाणवत नाही. कॅमेऱ्याला मन नाही. तो खांबाला आणि डोंगराला एकाच मापाने मोजतो. दूरच्या वस्तूची प्रतिमा किती मोठी पडणार हे लेन्सच्या नाभीय अंतरावर ठरते. अंतर दुप्पट, तर प्रतिमा दुप्पट. माझ्या २८ मिलिमीटरच्या जागी १०५ची लेन्स असती, तर त्याच अंगणातून तोच डोंगर पावणेचारपट मोठा आला असता आणि खांब आपोआप चौकटीबाहेर राहिला असता.

साधारण ८५ ते १३५ मिलिमीटरच्या या लेन्सना आखूड टेलिफोटो म्हणतात. दुकानदार त्या माणसांचे चेहरे टिपण्यासाठी म्हणून विकतात, आणि ते खोटेही नाही. परंतु आपल्या सह्याद्रीसाठी याहून सोयीची लेन्स मला अजून सापडलेली नाही. आपल्याकडच्या डोंगरांचे सौंदर्य बहुधा दूर असते. एकामागे एक रांगा, त्यांतून वर आलेला एखादा बालेकिल्ला, कातळाचा एखादा पट्टा. हे सारे दरीच्या पलीकडे असते आणि तिथवर चार पावले पुढे जाऊन पोचता येत नाही.

आता ८५, १०० आणि १३५ यांतली कोणती? दुकानात जाण्यापूर्वी घरी एक खेळ करा. मुलांनाही यात मौज वाटेल. जाड पुठ्ठ्यात ७२ मिलिमीटर रुंद आणि ४८ मिलिमीटर उंच अशी खिडकी कापा. ही ३६ × २४ मिलिमीटरच्या पूर्ण चौकटीची दुप्पट झाली, म्हणून नाभीय अंतरही दुप्पट धरायचे. पुठ्ठ्याला एक दोरा बांधा आणि त्याला १०, १७, २० व २७ सेंटिमीटरवर गाठी मारा. एक डोळा मिटून, पाहिजे ती गाठ उघड्या डोळ्याखालच्या हाडाला टेकवून, दोरा ताणून खिडकीतून पाहा. पहिल्या गाठीला ५० मिलिमीटरचे दृश्य दिसेल, दुसरीला ८५चे, तिसरीला १००चे, चौथीला १३५चे. फुकटात चार लेन्स हाती आल्या!

हा पुठ्ठा घेऊन मी सिंहगडावर गेलो. तिथून राजगड सरळ रेषेत साधारण १५ किलोमीटरवर, आणि त्याच्या उजवीकडे थोडा अधिक दूर तोरणा. दोन्ही गड ५० मिलिमीटरमध्ये आरामात बसतात. मात्र भोवती आभाळ आणि जमीन फार उरते. ८५ची गाठ लावली तर दोन्ही गड चौकटीच्या दोन कडांना जाऊन थडकतात, म्हणजे कोणाला तरी सोडावे लागते. १००मध्ये एकटा राजगड माच्यांसह ऐसपैस बसतो. १३५मध्ये बालेकिल्ल्याचा उंचवटा आणि माच्यांच्या धारा स्पष्ट उठून येतात, पण चौकट जरा इकडची तिकडे झाली की काहीतरी कापले जाते. दिवाळीच्या सुमारास सकाळी राजगडाकडे तोंड करून उभे राहिलात तर ऊन डाव्या बाजूने येते आणि धारांना उठाव मिळतो. संध्याकाळी प्रकाश तोरण्याच्या मागच्या बाजूने येतो, तेव्हा रांगा एकामागे एक निळ्या पडद्यांसारख्या दिसतात.

तुम्ही नेहमी जिथे जाता तिथे हा पुठ्ठा चार-पाच वेळा न्या. ज्या गाठीशी हात पुन्हा पुन्हा जाईल, ती तुमची लेन्स. मला स्वतःला १०० ते १०५ मानवली. दरीच्या काठावरून जवळचे झाड आणि दूरचा डोंगर दोन्ही घेण्याची सवय असेल, तर ८५ घ्या.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. टेलिफोटो लेन्स डोंगर एकमेकांवर दाबून बसवते, असे म्हणतात. लेन्स तसे काही करत नाही. डोंगर एकमेकांपुढे कसे दिसणार हे आपण कुठे उभे आहोत यावर ठरते. ५० मिलिमीटरच्या फोटोचा मधला भाग कापून मोठा केला, तर रांगा तितक्याच दाटीने दिसतील. मग नुसते कापूनच का भागवू नये? कारण ५०च्या चित्रातून १००चे चित्र कापले की क्षेत्रफळ चौथाई उरते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा ६ मेगापिक्सेलचा कॅमेरा होतो. बैठकीत लावायच्या मोठ्या प्रिंटमध्ये ते जाणवते.

थोरामोठ्यांचा दाखला हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेतील अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे चित्र जगप्रसिद्ध आहे. अ‍ॅडम्स यांनी तारीख टिपून ठेवली नव्हती. पुढे चंद्राच्या स्थानावरून गणित मांडून १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख ठरवण्यात आली. त्यांचा कॅमेरा ८ × १० इंची आणि लेन्स २३ इंची. आजच्या पूर्ण चौकटीच्या हिशेबात ही जेमतेम ८० मिलिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे आपली आखूड टेलिफोटोच! ऊन कबरींवरच्या क्रुसांवरून सरकत होते आणि प्रकाशमापक काही केल्या सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती. तिच्यावरून त्यांनी हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसऱ्याची तयारी होईतो ऊन गेले. लेन्स सोबत होती आणि अंगवळणी पडलेली होती, म्हणून ते चित्र मिळाले. ताटाएवढा चंद्र मात्र या लेन्समधून अपेक्षू नका. चंद्राची प्रतिमा नाभीय अंतराच्या सुमारे एकशेदहाव्या भागाइतकी पडते. १०० मिलिमीटरला ती एक मिलिमीटरही भरत नाही.

लेन्स सोबत असण्याचा मुद्दा वजनाशी बांधलेला आहे, आणि इथेच माणसे फसतात; मीही फसलो. दुकानातल्या काचेआड मोठ्या तोंडाची लेन्स पाहिली की तिच्यापुढे साधी लेन्स गरीब वाटते. कॅननची एफ १.८ची ८५ मिलिमीटर लेन्स ४२५ ग्रॅमची होती. त्याच कंपनीची एफ १.२ची दुसरी आवृत्ती १,०२५ ग्रॅमची. डोंगराचा फोटो आपण बहुधा एफ ८वर काढतो. तिथे या अधिकच्या सहाशे ग्रॅमचा आणि पैशाचा काडीचा उपयोग नाही. मी अशीच एक जड लेन्स हौसेने घेतली. पहिल्या चढावर ती पाठीवर होती, दुसऱ्या सहलीला कपाटात.

झूम घ्यावी का? जरूर. ७० ते २०० मिलिमीटरची, एफ ४ची झूम निसर्गचित्रांना उत्तम. पण ती खांद्यावरून दिवसभर नेऊन पाहा आणि मग ठरवा. आणि तुमच्या कॅमेऱ्याची चौकट लहान, म्हणजे दीडपटीच्या हिशेबाची असेल, तर खरेदी आधी थांबवा. अशा कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची साधी लेन्स ७५चे काम करते, ६०ची ९०चे. तुम्हाला हवी असलेली लेन्स कदाचित घरातच पडून असेल. पुठ्ठ्याची खिडकी मात्र ४८ × ३२ची कापा.

वापराबद्दल थोडेसे. १०० मिलिमीटरला हात जरा हलला तरी चित्र हलते, म्हणून हातात धरून काढताना सेकंदाच्या सव्वाशेव्या भागापेक्षा संथ जाऊ नये; तिपाई असेल तर उत्तमच. जवळचे झाड आणि दूरचा गड दोन्ही रेखीव हवे असतील, तर एफ ८वर सुमारे ४२ मीटरवर फोकस करा; २१ मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे समाधानकारक स्पष्ट येईल. ८५ला हेच आकडे ३० आणि १५ होतात. याहून जवळची फांदी पुढ्यात घेऊ नका. धुरकटपणावर मात्र लेन्सकडे औषध नाही. दूरचे चित्र म्हणजे मधली सगळी हवा चित्रात आली. पावसाने धुतलेली हवा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सकाळी सर्वांत स्वच्छ मिळते. दुपारी तापलेल्या हवेत डोंगराची कडच थरथरते.

जुनी लेन्स घेत असाल तर मागून विजेरीचा झोत टाकून आतून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. स्वस्त मिळाली तरी नको. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चांगल्या लेन्सलाही ती लागते. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

आता अण्णांचे राहिलेच. पुढच्या दिवाळीत एका मित्राकडून १०५ मिलिमीटरची जुनी, हलकी लेन्स मागून घेतली आणि गावी गेलो. पहाटे अंगणातल्या त्याच जागी उभा राहिलो. या खेपेस चौकटीत तुळस नव्हती, आंबा नव्हता; डोंगर होता, आणि त्याच्या पायथ्याशी थोडी शेते. प्रिंट अण्णांच्या हाती दिला. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. मग कातळाच्या पट्ट्याखाली एका जागी बोट टेकवले आणि आईला हाक मारली, "अगं, इकडे ये. इथून आम्ही वर चढायचो."

मला तिथे पायवाट दिसत नव्हती. अजूनही दिसत नाही. अण्णांना दिसली. तो फोटो आज आमच्या बैठकीत आहे. अण्णा आता नाहीत. नातवंडे येतात तेव्हा आई त्यांना त्याच जागी बोट ठेवून वाट दाखवते.

तेव्हा मंडळी, या दिवाळीत फराळ झाल्यावर पुठ्ठा, कात्री आणि दोरा घेऊन बसा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा, त्यांचा डोंगर कोणता. लेन्स मग सावकाश ठरवू.