शेवटचे शंभर

परवा दादाकडे पोकरचा डाव बसला होता. माझ्याकडे शेवटचे १०० उरलेले, दादाकडे ३००, दाजींकडे ५००. तिघंही ऑल-इन! पानं उघडली, माझी सगळ्यांत भारी. मी अख्खा ढीग ओढायला गेलो तर दादाने हात धरला. रागच आला हो. तसाच उठून निघून आलो.

घरी येऊन कागदावर मांडलं. प्रत्येकाचे १००, असा ३०० चा मुख्य पॉट. त्यावर तिघांचाही हक्क. दादा-दाजींचे वरचे २००-२०० म्हणजे ४०० चा साइड पॉट, तो फक्त त्या दोघांत. दाजींचे उरलेले २०० त्यांना परत, कारण तेवढे लावणारा समोर कुणी नाहीच. माझे ३००च!

घरच्या डावात "कशाला ती कटकट" म्हणून हे टाळतात, ते मला आता साफ चूक वाटतं. हा नियम नसता तर दाजींनी नुसते ५०० पुढे सरकवून मला पानं टाकायला लावली असती. (आमच्या दिवाळीच्या तीन पत्तीत जड खिसेवाला असाच जिंकतो.)

असो. दादाला अजून फोन केलेला नाही.