खडखड कोठली?

मालट्रकचे काम घरीच केले आणि इंजिन खडखडू लागले, तर लगेच सारे खोलू नका. काखेत कळसा, गावाला वळसा नको! शेवटचा हात कोठे लागला ते आठवा; नटबोल्ट, पाने मोजा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी असताना रेस वाढवताच आवाज वाढला, तर दोष इंजिनाच्या बाजूचा. केवळ चालताना येत असेल, तर चाके, स्प्रिंगा तपासा. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरा, जागा सापडते. पदर, बाह्या मात्र पंख्यापासून दूर! सायलेन्सरचा सैल पत्रा निघाला, तर सुटलात. पण ऑइलचा दिवा लागला, तर इंजिन तत्क्षणी बंद करा. तेलावाचून बेअरिंगे पाहता पाहता जळतात, आणि वर्षाची पुंजी त्यांच्याबरोबर.