सेंट अँड्र्यूजचा दाखला आणि आमचें गायरान

गेल्या चैत्रांत आमच्या तालुक्यांतील एका गांवच्या ग्रामसभेपुढें एक कागद आला. गांवच्या गायरानापैकीं सव्वाशे एकर जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानें एका शहरी मंडळीस द्यावी, ती मंडळी तेथें गॉल्फ खेळाचें सार्वजनिक मैदान व प्रवाशांसाठीं निवासगृहें बांधील, आणि दूरदूरचे लोक येऊन गांवाचें दैन्य फिटेल, असा त्यांतील मजकूर होता. पुष्ट्यर्थ दाखला दिला होता तो स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज या गांवाचा. तेथील मैदान सार्वजनिक आहे, जगांतून लोक तेथें खेळावयास येतात आणि गांव त्यावर संपन्न झालें आहे, असें त्यांत लिहिलें होतें. ग्रामसभा त्या दिवशीं कांहीं न ठरतां तहकूब झाली.

आमची हयात मामलेदार कचेरीच्या दप्तरांत गेली. ज्या कागदाचा दाखला दिला तो मुळांतून वाचल्यावांचून शेरा मारूं नये, ही तेथली पहिली शिकवण. योगायोगानें आमचा पुतण्या सेंट अँड्र्यूजजवळच डंडी शहरीं नोकरीस आहे, व त्याच्याकडे आम्ही ज्येष्ठांत महिनाभर राहून आलों. गॉल्फ आम्ही खेळत नाहीं. काठीनें चेंडू मारीत मैलोगणती चालावें आणि शेवटीं तो एका भोंकांत घालावा, यांत काय रस आहे तें आम्हांस अजूनहि उमगलेलें नाहीं. तथापि त्या मैदानाची हक्कनोंद मात्र आम्हीं मोठ्या आवडीनें वाचली, आणि जें आढळलें तें शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों. दाखला खोटा नाहीं. परंतु अर्धा आहे.

प्रथम जमिनीची प्रत पाहावी. समुद्र मागें हटतांना जी वाळवट पट्टी सोडून गेला, तीस तिकडे लिंक्स म्हणतात. वाळूवर पातळ माती, अंगावर खारा वारा, झाड धरत नाहीं, नांगर घालण्यांत अर्थ नाहीं. आपल्या जमाबंदीच्या बोलींत सांगावयाचें तर सगळा पोटखराबा! तिच्यावर मेंढ्या चरत, बायका धुणें वाळत घालीत, पोरें खेळत. मेंढ्या आणि ससे यांनीं कुरतडून कुरतडून तेथील गवत इतकें आंखूड व दाट केलें कीं त्यावरून चेंडू सरसर धांवे. तें मैदान मुळांत कोणा कारागिरानें आंखलें नाहीं. जनावरांच्या तोंडानें तें तयार झालें. पाऊसहि तेथें वर्षभर थोडाथोडा पडत असतो. आज जगभर गॉल्फच्या मैदानास अठरा भोंकें असतात, तो शिरस्ता येथलाच; सन १७६४ मध्यें येथील २२ ची १८ झालीं.

आतां मालकीची हकीकत. सन १५५२ च्या एका लेखांत या जमिनीवर ससे पाळण्याचा हक्क आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांस, आणि गॉल्फ, फुटबॉल, नेमबाजी इत्यादि खेळांचा हक्क गांवकऱ्यांस, अशी वांटणी नमूद आहे. पुढें अडीचशें वर्षें गाडें ठीक चाललें. मग नगरसभा कर्जांत बुडाली, व सन १७९७ मध्यें तिनें ही जमीन विकून टाकली. लवकरच ती डेम्प्स्टर नांवाच्या व्यापारी बापलेकांच्या हातीं गेली, आणि त्यांनीं ती सशांच्या पैदाशीस लाविली. सशांची पैदास काय चीज आहे हें शेतकऱ्यास सांगावयास नको. थोड्याच काळांत बिळांनीं सारें मैदान पोखरून निघालें. गांवकरी न्यायालयांत गेले. सन १८०५ मध्यें त्यांस ससे मारण्याची मोकळीक मिळाली, आणि दिवाणी दाव्याच्या जोडीस हाणामारीहि सुरू झाली. हा तंटा वीस वर्षें चालला. अखेर सन १८२१ मध्यें जेम्स चीप नांवाच्या शेजारच्या जमीनदारानें ती जमीन विकत घेऊन खेळासाठीं राखली. तो स्वतः खेळणारा होता हें गांवाचें नशीब; नसता तर? सन १८९३ मध्यें त्याच्या घराण्याकडून ती प्रतिष्ठितांच्या रॉयल अँड एन्शंट क्लबानें घेतली. तेव्हां मात्र गांव जागें झालें, आणि सन १८९४ मध्यें पार्लमेंटचा खास कायदा करवून नगरसभेनें ती परत आपल्या नांवें लावून घेतली.

सन १७९७ पासून सन १८९४ पर्यंत ९७ वर्षें झालीं. कर्जाच्या एका निकडीपायीं गेलेली जमीन परत येण्यास तीन पिढ्या लागल्या, आणि तीहि खासगी मालकांच्या चांगुलपणामुळें व पार्लमेंटच्या कायद्यामुळें आली. आमच्या ग्रामसभेपुढील कागदांत या ९७ वर्षांविषयीं एक ओळ नाहीं.

आजची व्यवस्था सन १९७४ च्या कायद्याची आहे. स्कॉटलंडांतील जुन्या नगरसभा मोडावयाचें ठरलें, तेव्हां मैदान कोणा खासगी हातांत जाऊं नये म्हणून हा कायदा झाला. जमीन स्थानिक सरकारची, म्हणजे आतां फाइफ कौन्सिलची, आणि वहिवाट एका धर्मादाय विश्वस्त मंडळाची. विश्वस्तांत तीन कौन्सिलनें नेमलेले, तीन त्या क्लबानें, एक स्कॉटलंड सरकारनें, आणि त्या भागाचा पार्लमेंटांतील सभासद. नफा वांटून घेणारा भागीदार नाहीं. उत्पन्न मैदानांवरच खर्च होतें. बड्या क्लबाची इमारत मैदानाच्या तोंडाशीं दिमाखानें उभी आहे, पण मैदान त्याचें नव्हे.

सर्वांत जुन्या मैदानावर रविवारीं सहसा खेळ होत नाहीं. मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर त्या दिवशीं मैदान गांवाचें. म्हातारेकोतारे फिरतात, पोरें बागडतात, कुत्रीं धांवतात, आणि ज्या हिरवळीचें नांव घेतांना खेळाडूंचा कंठ दाटतो तीवरून कोणीहि चालत जावें. आम्हीहि चाललों. मैदानाच्या पहिल्या व शेवटच्या भोंकाच्या वाटेवरून एक गाडीरस्ता आडवा समुद्राकडे जातो. तो वहिवाटीचा रस्ता आहे. एखादी बाई मूल घेऊन त्या रस्त्यानें निघाली तर परदेशांतून हजारों रुपये खर्चून आलेला खेळाडू काठी खालीं धरून थांबतो. आम्ही त्या रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभे राहून हें पाहिलें. पुतण्या कंटाळला, परंतु सार्वजनिक या शब्दाचा इतका स्पष्ट अर्थ आम्हांस पस्तीस वर्षांच्या नोकरींत दिसला नव्हता.

खेळण्याच्या पाळ्यांपैकीं पुष्कळशा सोडतीनें निघतात. नांव द्यावें, चिठ्ठी निघाली तर खेळावें. कांहीं पाळ्या प्रवासी कंपन्यांमार्फत आगाऊ विकल्या जातात, तेथें अर्थात् पैशाचें चालतें. सन २०२४ च्या हंगामांत परक्या खेळाडूस जुन्या मैदानावरील एका फेरीचा दर ३२० पौंड होता. म्हणजे आपले सुमारे ३३,००० रुपये. गांवकऱ्यास मात्र वर्षाचा परवाना सवलतीनें मिळतो. पाहुण्याकडून घ्यावें आणि घरच्यास राखावें, हा हिशोब आम्हांस पटला.

तेथें सगळें गोड आहे असें मात्र नव्हे. विद्यापीठ आणि पाहुणे या दोहोंमुळें घरें इतकीं महाग झालीं आहेत कीं तेथल्याच तरुण कुटुंबास तेथें बिऱ्हाड मिळणें कठीण. आणि विश्वस्तांनीं सन २००८ मध्यें गांवाबाहेर कड्यावर जें सातवें मैदान उघडलें, तें वाळवंटावर नव्हे. तेथें पूर्वीं बटाट्याचें शेत होतें. आम्ही मुद्दाम पाहावयास गेलों. सपाट शेतावर यंत्रांनीं कृत्रिम टेंकड्या उठविल्या आहेत, खालीं समुद्र दिसतो, देखावा सुंदर आहे. तरी पिकाऊ जमिनीवर वाळूच्या टेंकडीचें सोंग पाहून आमचें मन खट्टू झालें.

स्कॉटलंडांत अशीं गांवकीचीं मैदानें आणखीहि आहेत. एडिंबरोच्या नगरसभेनें सन १८८९ मध्यें ब्रेड टेंकड्या याच कामीं लोकांसाठीं घेतल्या. कार्नूस्टीचें प्रसिद्ध मैदान सरकारी मालकीच्या किनाऱ्यावर आहे. मसलबर्गचें जुनें नऊ भोंकांचें मैदान तर घोड्यांच्या शर्यतीच्या रिंगणांत आहे. प्रवासी एकाहून दुसरें करीत हिंडतात. पण त्याच देशांत दुसरा मासलाहि आहे, व आमच्या ग्रामसभेपुढील कागद खरें पाहतां त्याच्याशीं अधिक जुळतो. अॅबर्डीनच्या उत्तरेस मेनी येथें डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीनें समुद्रकांठच्या वाळूच्या टेंकड्यांवर मैदान मागितलें. त्या टेंकड्यांचा कांहीं भाग निसर्गरक्षणासाठीं राखीव होता. सन २००७ मध्यें स्थानिक कौन्सिलच्या समितीनें नकार दिला. सन २००८ मध्यें वरच्या सरकारनें रोजगाराकडे बोट दाखवून मंजुरी दिली. ४५० खोल्यांच्या हॉटेलाचें वचन होतें. सन २०१२ मध्यें मैदान उघडलें तेव्हां तें उभें नव्हतें. सन २०२० मध्यें त्या टेंकड्यांचा राखीव दर्जा काढून घेण्याचें ठरलें, कारण राखण्यासारखें जें होतें त्यांतील बरेंच उरलें नव्हतें.

आतां घरचें पाहूं. आमचें गायरान पोटखराबा नव्हे. पावसाळ्यानंतर चार महिने तीन वाड्यांचीं गुरें त्यावर जगतात. तेथें हिरवळ राखावयाची तर पाणी कोठून आणणार? एका हेक्टरावर पांच मिलिमीटर पाणी देणें म्हणजे ५०,००० लिटर. वीस हेक्टर हिरवळ धरली तर दहा लाख लिटर, आणि वैशाखांत हें रोज द्यावें लागेल. जनावरास दिवसाचें ५० लिटर धरलें तर वीस हजार जनावरांचें हें पाणी झालें. आणि त्याच वैशाखांत त्या गांवीं टँकर येतो! कागदांत ‘सांडपाणी शुद्ध करून वापरूं’ असें लिहिलें आहे. ज्या गांवांत न्हाणीचें पाणी परसांतील आळूच्या वाफ्यापलीकडे जात नाहीं, तेथें दहा लाख लिटर सांडपाणी कोण सांडणार?

‘सार्वजनिक’ हा शब्द त्या कागदांत उगाच आलेला नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वयें मोफत चराईसाठीं नेमून दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवांचून दुसऱ्या कामीं लावतां येत नाहीं. पुढें त्याच संहितेंत आलेल्या २२-अ कलमानें गायरान दुसरीकडे वळविण्यास बंदी घातली; सार्वजनिक प्रयोजन हा तिचा एक अपवाद. २८ जानेवारी २०११ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें गांवच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याविषयीं सर्व राज्यांस आदेश दिले. तेव्हां त्या एका शब्दाची वाट धरलेली दिसते. खारघरास सिडकोनें केलेलें मैदान नवी मुंबईसाठीं संपादलेल्या मुलखांत आहे. तें निदान सरकारी संस्थेच्या हातीं आहे. गोव्यांत तेरेखोल येथें सन २०१४ च्या सुमारास गॉल्फ व हॉटेलाच्या योजनेस कुळांनीं, काजूच्या बागांवरील आपला हक्क सांगून, कडवा विरोध केला. आमच्याकडील कागदांत जमीन गांवाची, पण व्यवहार, दर, कुंपण आणि फाटकाची किल्ली तीस वर्षें भाडेकरूकडे. चराईस पर्यायी जागा कोणती, गांवकऱ्यास आंत प्रवेश कोणत्या दिवशीं, भाडें थकलें तर काय, यांचा उल्लेख नाहीं.

येथें एक कबुली देतों. नोकरीच्या सुरुवातीस एका गांवचें नऊ हेक्टर गायरान एका संस्थेस रोपवाटिकेसाठीं दिलें गेलें. तो फेरफार आम्हीं स्वतःच्या हातानें लिहिला. अक्षर वळणदार आलें म्हणून वरिष्ठांनीं वाखाणलेंहि. दोन वर्षांत तारेचें कुंपण झालें, सहा वर्षांत रोपें गेलीं, आणि आज तेथें मंगल कार्यालय आहे. आमच्या आतेबहिणीच्या नातीचें लग्न तेथेंच झालें. आम्ही जेवून आलों. मुदत संपून किती वर्षें झालीं हें त्या पंक्तींत आमच्याखेरीज कोणास ठाऊक नव्हतें, व आम्हीहि त्या दिवशीं तोंड उघडलें नाहीं.

म्हणून या खेपेस आगाऊ बोलत आहों. खेळास आमचा विरोध नाहीं, प्रवाशांसहि नाहीं. सेंट अँड्र्यूजचाच दाखला हवा असेल तर तो पुरता घ्यावा. जमीन गांवाच्या नांवें राहावी, व्यवस्था गांवच्या विश्वस्तांकडे असावी, नफा वांटला जाऊं नये, आठवड्याचा एक दिवस मैदान सर्वांस मोकळें असावें, आणि जागा गुरांच्या तोंडची नसावी. असा पट्टा ती मंडळी करील काय, हें त्यांस ग्रामसभेंतच विचारावें, आणि मसुदा मराठींत मोठ्यानें वाचवून घ्यावा.

सभा आतां आषाढी एकादशीनंतरच्या पहिल्या सोमवारीं आहे. त्या गायरानांतून म्हसोबाच्या माळावरून ओढ्याकडे जाणारी एक जुनी गाडीवाट आहे. खालच्या वाडीचे लोक तिनेंच शाळेस व बाजारास येतात. योजनेबरोबर जो रंगीत नकाशा जोडला आहे त्यांत त्या जागीं सातव्या भोंकाची हिरवळ दाखविली असून वाट दाखविलेली नाहीं. ती दाखवून नकाशा पुन्हां मागवावा, असें आम्हीं सरपंचबाईंस लेखी कळविलें आहे. पोंच मिळाली, उत्तर अद्याप आलेलें नाहीं.