जुनं रिव्हॉल्व्हर घ्यावं का?

लालबागच्या माझ्या भाच्याने फोनवर एक विचित्र सल्ला मागितला. "मावशी, दादरच्या एका गृहस्थांना त्यांचं जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर विकायचंय. मला परवाना मिळालाय. घेऊ का?" आयुष्यभर हातात खडू धरलेल्या बाईला हे विचारायचं कारण एवढंच, की ते रिव्हॉल्व्हर 'ऐतिहासिक' आहे असं विकणाऱ्याचं म्हणणं, आणि मी शाळेत इतिहास शिकवायचे. म्हटलं, विचारतोच आहेस तर नीट विचार करून सांगते. तोच विचार तुमच्यापुढे ठेवते आहे.

आधी इतिहासाचं बघू. क्रांतिकारकांच्या हातातलं, गोऱ्या साहेबाच्या कमरेचं... अशा गोष्टी प्रत्येक जुन्या हत्याराला चिकटतात. त्यातून आपली ही गिरगाव-ग्रँट रोडची वस्ती! ऑक्टोबर १९३० मध्ये लॅमिंग्टन रोडवर दुर्गाभाभी आणि त्यांच्या साथीदारांनी पोलीस सार्जंटवर गोळ्या झाडल्या, ही खरी घटना. पण म्हणून जवळपासच्या कपाटातलं प्रत्येक रिव्हॉल्व्हर त्यातलं होत नाही. पुरावा कसा असतो, ते भगतसिंगांच्या पिस्तुलावरून कळतं. साँडर्सच्या हत्येत वापरलेलं ते कोल्ट पिस्तूल सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या संग्रहालयात वर्षानुवर्षं रंगाखाली पडून होतं. २०१६ मध्ये रंग खरवडून क्रमांक वाचला, तो खटल्याच्या कागदांशी जुळला, तेव्हा कुठे ओळख पटली. क्रमांक आणि कागद, इतिहास एवढ्यावर उभा राहतो. भाच्याला म्हटलं, कागद नसेल तर त्या गोष्टीचे पैसे शून्य धर.

मग यंत्राचं. यात मला गती नाही, म्हणून आमच्या इमारतीतल्या एका माजी सैनिकांना विचारलं. ते म्हणाले, हातात घेतल्याबरोबर सगळी घरं रिकामी आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास नाही. मग नळी उजेडाकडे धरायची. आतल्या खाचा स्वच्छ दिसाव्यात, गंजाचे खड्डे नकोत. घोडा मागे ओढला की गोल फिरणारं चक्र नळीच्या बरोबर समोर येऊन घट्ट बसलं पाहिजे. खुळखुळत असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी घासते, आणि ते चालवणाऱ्यालाच धोक्याचं. निरनिराळ्या भागांवरचे क्रमांक जुळतात का बघायचं, नाही तर दोन-तीन हत्यारांची मोडतोड एकत्र बसवलेली असायची. आणि शेवटी, त्या मापाची काडतुसं आज दुकानात मिळतात का?

त्यांनी आणखी एक सांगितलं. जुन्या कितीतरी रिव्हॉल्व्हरांत घोड्याला अडवणारा पक्का खटका नसे, म्हणून जाणकार लोक घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. हे ऐकताना मला १ ऑक्टोबर २०२४ ची सकाळ आठवली. अभिनेते गोविंदा कलकत्त्याला निघण्याच्या तयारीत होते, तेव्हा जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून पायात शिरली. जिवावरचं पायावर निभावलं. घरात चोर नव्हता, दरोडेखोर नव्हता.

किमतीचंही एक गौडबंगाल आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात जवळजवळ बंद झाली. तेव्हापासून देशात आहेत तीच विलायती रिव्हॉल्व्हरं हातोहात फिरतात, आणि जुनी होतील तशी महागच होतात. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' हे हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, ते सुमारे सव्वा लाखाचं होतं. भाच्याला सांगितलेला आकडा त्याच्याही वर! म्हणजे पैसे मोजायचे ते दुर्मिळपणाचे, भरवशाचे नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ चा. खासगी विक्री करायची तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन सरकारला लेखी कळवावं लागतं आणि ४५ दिवस थांबावं लागतं. 'नुसतं शोभेला ठेवू' ही पळवाटही नाही. सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट हत्याराला. चालतं रिव्हॉल्व्हर शंभर वर्षांचं असलं तरी परवाना लागतोच.

आता खरा प्रश्न. भाचा रात्री दुकानातली रोकड घेऊन घरी येतो, त्याची भीती खोटी नाही. पण ते ठेवणार कुठे? दोन खोल्यांचं घर, लोखंडी कपाट एकच, किल्ली कुठे असते ते शेंड्याफळालासुद्धा ठाऊक. घरात सोळा वर्षांचा मुलगा, दहावीच्या निकालापासून घुम्यासारखा बसणारा. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरला अभिषेक घोसाळकरांची हत्या झाली, त्यातलं पिस्तूल परवान्याचंच होतं, पण परवाना दुसऱ्याच माणसाचा. परवाना एका माणसाला मिळतो, हत्यार मात्र हाताला लागेल त्याचं होतं. संतापाच्या किंवा निराशेच्या एका क्षणाला ते जवळ नसणं, हीच मोठी सुरक्षितता.

आडरानातल्या एकट्या घराची गोष्ट कदाचित वेगळी असेल. पण लालबागच्या चाळीत एक हाक मारली तर दहा दारं उघडतात. रोकड दुपारीच बँकेत भर, रात्री सोबत घेऊन ये, असं मी त्याला सांगितलं. आणि रिव्हॉल्व्हर घेऊ नकोस, हेही स्पष्ट सांगितलं. तो थोडा हिरमुसला, पण घरात सगळ्यांशी बोलतो म्हणाला.

खंडेनवमीला आमच्याकडे विळी, कातरी आणि शिवणयंत्राची पूजा व्हायची. ज्यावर घर चालतं ते हत्यार, असा साधा हिशेब होता. मंडळी, तुमचं मत निराळं असेल तर जरूर लिहा. आणि नातेवाइकांपैकी कुणाच्या घरी असं काही असेल, तर किल्ली कुणाकुणाला माहीत आहे, ते आजच बघा.