देऱ्याहून : डोंगर, तळे आणि सलाईनची बाटली



सध्या आमचा मुक्काम लेकीकडे देऱ्यात आहे. देरा म्हणजे खाडीकाठची जुनी दुबई. सोन्याचा बाजार, मसाल्याचा बाजार आणि पलीकडे नेणाऱ्या लाकडी होड्या, म्हणजे आबरा. इथे मराठी कानावर पडते, पण डोंगर मात्र औषधालाही सापडत नाही. तो पाहायचा तर हत्त्याला जायचे, मोटारीने दीडएक तास.

हत्ता दुबईचाच भाग, पण शहरापासून तुटलेला, हजर पर्वताच्या कुशीत. अरबीत हजर म्हणजे दगड. नाव अगदी शोभते! उघडेबोडके तांबूस डोंगर, मधूनच बाभळीच्या आणि बोरीच्या जातीची झाडे, आणि मध्ये धरणाचे हिरवेनिळे तळे. रानबकऱ्यासारखा ताहर नावाचा दुर्मिळ प्राणी इथल्या राखीव डोंगरांत राहतो. आम्हाला काही दिसला नाही.

या तळ्याला दुबईने कामाला लावायचे ठरवले. डोंगरावर दुसरे तळे बांधले आणि दोन्हींच्या मध्ये 1.2 किलोमीटरचा बोगदा. मुलांनो, दवाखान्यात सलाईनची बाटली उंच का टांगतात? उंचावरून पाणी आपोआप खाली येते म्हणून. इथेही तसेच. दिवसा उन्हाच्या विजेने पाणी वर चढवायचे आणि गरज लागली की खाली सोडून वीज करायची. प्रकल्प 250 मेगावॅटचा आहे.

नातवाने विचारले, "आजी, आपल्याकडे असं आहे का?" कुठले आपल्याकडे ते त्याने सांगितले नाही, म्हणून आम्ही दोन्हीकडचे सांगितले. इस्राएलमध्ये गिलबोआ डोंगरावर 300 मेगावॅटचा आहे, 2020 सालापासून. आणि महाराष्ट्रात घाटघरला 2008 सालीच झाला, हत्त्याएवढाच, 250 मेगावॅटचा! वरचे तळे प्रवरा नदीवर, खालचे घाटाखाली शहापूर तालुक्यात.

घाटघरचा परिसर म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. ते 1986 साली जाहीर झाले, क्षेत्र सुमारे 361 चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर, तिथेच. जवळच 1926 साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण. झाडांवर शेकरू, आणि पावसाळ्यात एवढे पाणी की हत्त्याच्या डोंगराने हेवा करावा.

आता नर्सबाईंचे दोन शब्द. हत्त्याला आमच्या सोबतच्या एका आजोबांना चक्कर आली. "तहान लागलीच नव्हती हो," म्हणाले. खरेच सांगत होते. वय झाले की तहान कमी जाणवते, आणि कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, म्हणून पाणी गेलेले कळत नाही. सावलीत निजवले, पाय उंच केले, साखर-मिठाचे पाणी घोट घोट पाजले, तेव्हा बरे वाटले. पण माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काही घालू नका. अंग ओले करा, वारा घाला आणि ॲम्ब्युलन्स बोलवा: इथे 998, इस्राएलमध्ये 101, भारतात 108. तहानेची वाट पाहू नका, घड्याळ बघून पाणी प्या.

आणि ढग दिसले तर कोरड्या ओढ्यात, म्हणजे वादीत, थांबू नका. पाऊस दूर डोंगरावर पडतो आणि लोंढा आपल्यापाशी येतो.

आमचे गुडघे आता कळसूबाई चढू देणार नाहीत. तुमच्यापैकी जे तरुणपणी चढले असतील, त्यांनी यंदा नातवंडांना नकाशावर तेवढी जागा दाखवावी. सांगणारे आता थोडेच उरलो आहोत.